तंबूची चेन

दोरा तिसऱ्यांदा आंब्यात अडकला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. अकराच्या ठोक्याला माळावरून रेडिओवर पहिली हाक गेलीच पाहिजे, असं चिंतामणी सरांनी मंगळवारीच सगळ्यांना बजावलं होतं, त्यामुळे उन्मेष घायकुतीला आला होता. गलोलीतून शिशाचं वजन फांदीपलीकडे मारायचं, त्याला बांधलेला मासे पकडायचा दोरा पलीकडून ओढायचा आणि त्या दोऱ्यामागून रेडिओची तार वर चढवायची, एवढंच काम. पण आंबा रायवळ, जुना, आणि मोहोरानं इतका गच्च की वजन आत गेलं की दिसेनासंच व्हायचं.

अंबरनाथ-बदलापूरकडच्या हौशी रेडिओवाल्यांचं हे मंडळ अकरा जणांचं. दर जानेवारीत एक शनिवार-रविवार ते कुठंतरी डोंगरात जात. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही अशी जागा मुद्दाम शोधायची, बॅटरीवर सेट चालवायचा आणि चोवीस तासांत जितक्या लांबच्या माणसांशी बोलता येईल तितकं बोलायचं. बदलापूरच्या मांजर्लीत पाणी शिरलं त्या वर्षी मंडळातल्या वरदच्या गच्चीवरचा सेट दोन दिवस चालू होता, म्हणून त्याच्या सोसायटीतली माणसं नातेवाइकांपर्यंत पोचली. तेव्हापासून या सहलीला घरचे लोक हसत नसत.

या वेळी पहिल्या खेपेला तिघं वर आले होते. तेहतीस वर्षांचा उन्मेष, सत्तरी ओलांडलेले चिंतामणी सर आणि कुमुदिनी. बाकीचे दुपारी जेवण घेऊन येणार होते. वरद मात्र मांजर्लीत घरीच होता, खालून दुवा ठेवायला. तिघांच्याही गळ्यात दोरीनं अडकवलेले छोटे सेट होते, आणि माळावरून त्यांचा आवाज वरदच्या गच्चीपर्यंत जेमतेम पोचत होता.

कुमुदिनीनं सव्वीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काढली होती. बिस्किटं, सरबतं, गोळ्या यांच्यात घालायचे वास तिथं बनत. कारखाना गुजरातला गेला आणि ती घरी बसली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या चिंतामणी सरांनी तिला मंगळवार-मंगळवार समोर बसवून मोर्सचे ठोके शिकवले, परवान्याच्या परीक्षेला घेऊन गेले, पास झाल्यावर स्वतःचा जुना सेट दिला. ती त्रेपन्न वर्षांची होती. या वयात कोणी आपल्याला नवं काही शिकवेल असं तिला वाटलं नव्हतं.

"ताई, जरा तिकडून बघा ना, कुठं अडकलंय?" उन्मेष ओरडला.

तंबूत टेबलाचे पाय बसवत होती ती. बाहेर डोकावून तिनं कपाळावर हात धरला. "काही दिसत नाही रे. हिसका दे एक."

उन्मेषनं हिसका दिला. दोरा सुटून सरसर खाली आला, आणि त्याच्या पाठोपाठ एक आवाज आला. खालच्या वळणावर ट्रक चढ चढत असावा तसा. पण माळावर ट्रक येतच नाही, पाड्यापासून वीस मिनिटं चढून त्यांनी सामान हातानं आणलं होतं.

"कसला रे आवाज?" सरांनी मान वर केली.

एका जाड फांदीच्या पोटाला चिकटलेलं काहीतरी काळं, घोंगडीएवढं, एका कडेनं सुटत होतं.

"आग्या! आग्या मोहोळ!" उन्मेष किंचाळला, गलोल टाकून उताराकडे धावत सुटला, आणि घोंगडी हवेत उकलली.

कुमुदिनी तंबूच्या दारातच होती. ती मागच्या मागे आत पडली आणि तिनं जाळीची चेन वरून खालपर्यंत ओढली. तीन माश्या तिच्याबरोबर आत आल्या होत्या. एक मनगटावर, एक कानामागं, एक केसांत. केसांतली तिनं मुठीत चिरडली. कळ अशी गेली की डोळ्यांसमोर पिवळं झालं. बाहेर उन्मेषच्या ओरडण्याचा आवाज लांब लांब जात होता.

सर पळू शकत नव्हते. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा बदलला होता. ते टोपी फिरवत, लंगडत, तंबूकडे येत होते. जाळीतून तिला ते स्पष्ट दिसत होते. मान, कॉलर, पाठ, दोन्ही कान, सगळीकडे माश्या बसलेल्या. पांढरा सदरा पाठीवर तपकिरी झाला होता आणि तो तपकिरी रंग हलत होता.

त्यांनी जाळीवर थाप मारली. "कुमुद, उघड."

चेनची पट्टी तिच्या बोटांत होती. वर ओढायला दोन सेकंद लागले असते.

"अगं उघड!"

ती बघत राहिली. सरांच्या भुवईवर एक माशी पोट वाकवून काटा खुपसत होती, तेही तिला दिसलं. हे आत आले की हे सगळं आत येणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बोटं पट्टीवर घट्ट झाली, वर गेली नाहीत.

"नको," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला ऐकू आला. "सर, नको. पळा तुम्ही."

ते क्षणभर तिथंच उभे राहिले. जाळीपलीकडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग वळले. सामानातली निळी ताडपत्री त्यांनी खसकन ओढली आणि माळाच्या कडेला ओढ्याची कोरडी ओघळ होती तिकडे, धडपडत, दिसेनासे झाले.

तंबूच्या जाळीवर माश्या येऊन आदळू लागल्या. पहिल्यांदा सुट्या, मग मुठीमुठीनं. जाळी आत दबायची. कुमुदिनी तंबूच्या मधोमध गुडघे पोटाशी घेऊन बसली, अंगाला कुठंही कापड लागू नये म्हणून. आणि मग तिला वास आला. पिकलेल्या केळ्याचा.

क्षणभर वाटलं, कुणाच्या पिशवीत केळी असतील. मग तिनं मनगट नाकाशी नेलं. वास तिथून येत होता, डंख झाला होता तिथून. हा वास तिनं बाटल्यांत भरला होता, वर्षानुवर्षं. आणि प्रयोगशाळेतल्या भोईर साहेबांनी एकदा चहा पिताना सांगितलेलं तिला आठवलं, की मधमाशीच्या डंखातून हाच वास सुटतो. बाकीच्या माश्यांना कळतं की मारायचं ते इथं. तेव्हा ती हसली होती. आता तिनं पाण्याची बाटली मनगटावर ओतली, ओढणीनं घासघास घासलं, कानामागं घासलं. वास जाईना. सरांच्या अंगावर किती डंख असतील? किती वास?

गळ्यातला सेट खरखरला.

"कुमुद." आवाज जाड झालेला, पण सरांचाच. "कुमुद, ऐकतेस का? ओव्हर."

तिनं बटण दाबलं. सोडून पुन्हा दाबलं. "ऐकतेय सर. ओव्हर."

"मी ओघळीत आहे. ताडपत्री घेतलीय अंगावर. काही आत शिरल्यात. वरदला सांग. माझा आवाज तिथवर जाणार नाही, खड्ड्यात आहे. तूच सांग. ओव्हर."

चेनबद्दल एक अक्षर नाही. तिला वाटलं, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

वरद पहिल्याच हाकेला आला. रोजच्यासारखाच, जरा जांभई देत. "बोला ताई, लावली का तार?"

"वरद, मोहोळ उठलंय. आग्या मोहोळ. सरांना खूप चावल्यात. ॲम्ब्युलन्स पाठव पाड्यावर. आणि पाड्यातल्या कुणाचा तरी फोन लागतो का बघ."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ॲम्ब्युलन्सला लावतो आत्ता. चिंतामणीकाका तुमच्याजवळ आहेत ना?"

"नाही. मी तंबूत आहे. ते बाहेर आहेत."

"बाहेर का?"

तिनं बटणावरचं बोट काढलं.

"ताई? बाहेर का?"

"ओघळीत आहेत," ती म्हणाली. "तू ॲम्ब्युलन्स पाठव."

वरदनं पुन्हा विचारलं नाही. दर पाच मिनिटांनी काकांशी बोलत राहा, झोपू देऊ नका, असं त्यानं तिला सांगितलं. तिनं घड्याळ पाहिलं. दहा पंचावन्न.

अकरा वाजता सर म्हणाले की उलटी झाली. अकरा पाचला म्हणाले की जीभ जड वाटतेय. त्यांनी विचारलं, उन्मेषचं काय? माहीत नाही, त्याचा सेट उत्तर देत नाही, ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले, "पोरगा चपळ आहे. सुटेल." मग त्यांना धाप लागली आणि बटण तसंच दाबलेलं राहिलं. ताडपत्रीखालची गुणगुण आणि त्यांचा श्वास तिच्या मांडीवरच्या सेटमधून तंबूत भरून राहिला. तिला सेट लांब फेकून द्यावासा वाटला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"सर, बोलू नका आता," बटण सुटल्यावर ती म्हणाली. "मी विचारेन. हो असेल तर बटण दोनदा दाबा. नुसतं खट् खट्. बोलायचं नाही. कळलं?"

खट् खट्.

"श्वास घेता येतोय?"

खट् खट्.

"ॲम्ब्युलन्स निघालीय. वरदनं सांगितलं. ऐकताय?"

खट् खट्.

ती बोलत राहिली. काय बोलत होती तिला कळत नव्हतं. घरासमोरच्या रस्त्याचं काम, सरांच्या पत्नीनं, यशोधराबाईंनी दिलेलं लोणचं, काहीबाही. मधूनमधून विचारायची आणि कान सेटला लावायची. बाहेर माश्यांचा जोर ओसरला असं वाटायचं, की पुन्हा एक लाट येऊन जाळीवर आपटायची. तंबूच्या एका कोपऱ्यात शिवण थोडी उसवलेली होती. तिथून एक माशी डोकं आत घालत होती. कुमुदिनीनं तिथं चप्पल दाबून धरली.

अकरा वीसला तिनं विचारलं, "सर, आहात ना?"

खट्.

एकदाच. ती वाट बघत राहिली दुसऱ्याची.

"सर? दोनदा दाबा."

काही नाही.

"सर!"

सेट नुसता शांत होता. तिनं वरदला हाक मारली. ॲम्ब्युलन्स अजून खालच्या गावात होती, पाड्यातला एकही फोन लागत नव्हता. "तुम्ही बाहेर पडू नका ताई," वरद म्हणाला. "दोघांचंही काही झालं तर मी काय करू?"

तो बरोबर बोलत होता. कुणीही हेच सांगितलं असतं. कुमुदिनीनं चपलेवरचा हात काढला. रात्रीसाठी आणलेली झोपायची जाड पिशवी तिनं डोक्यावरून घेतली, ओढणी तोंडाभोवती गुंडाळली, फक्त डोळ्यांपुरती फट ठेवली. हात पिशवीच्या आत. पायांत मोजे होते, सलवार तिनं मोज्यांत खोचली. एवढं करेपर्यंत तिचे दात एकमेकांवर वाजत होते. उन्हात, अकरा वाजून गेल्यावर, तिला थंडी भरली होती.

चेनची पट्टी वर ओढायला दोन सेकंद लागले.

ओघळ साठ-सत्तर पावलांवर होती. पळायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं, पण पाचव्या पावलाला पोटरीत डंख बसला आणि ती पळाली. पिशवीवर टपटप आवाज होत होता. पायांत, पायांत, मग डोळ्याखाली. एकदा ती पडली, तशीच गुडघ्यांवर पुढं गेली. ओघळीच्या कडेवरून ती अक्षरशः घरंगळत खाली आली.

निळी ताडपत्री हलत नव्हती. तिनं कडेनं उचलली. सरांचा चेहरा तिला ओळखू आला नाही. डोळे सुजून बुजले होते, ओठ बाहेर आले होते. सेट मुठीत होता. तिनं त्यांच्या छातीला कान लावला, पण स्वतःच्या कानांतच इतकं धडधडत होतं की काही समजेना. मग त्यांच्या नाकासमोर बोट धरलं. ऊन वाफ लागली. ती त्यांच्या अंगावर पिशवी पसरून ओणवी झाली आणि ताडपत्री दोघांवर ओढून घेतली.

आत केळ्याचा वास कोंदला होता. तिला उमासे आले. ती मोठ्यानं रडू लागली. लाज नव्हती, अडवायला कुणी नव्हतं. किती वेळ ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही.

मग धूर आला. आधी तिला वाटलं, माळ पेटला.

"आगे कोन हाय तिकरं? बाय, हालू नको! निजून रहा!"

पाड्यावरच्या कौसाबाई होत्या. साठीच्या, नऊवारीचा काचा मारलेल्या, डोक्यावरून घोंगडी घेतलेल्या. एका हातात ओल्या पेंढ्याचा जळता भारा. त्यांच्या मागं त्यांचा दीर आणि आणखी दोघं, तसेच भारे घेऊन. उन्मेषनं उतारावरून लोळत जाऊन त्यांचं घर गाठलं होतं. तो अंगणात पडला होता आणि त्याच्या तोंडून एवढंच निघालं होतं की वर दोघं आहेत.

कौसाबाईंनी ओघळीच्या दोन्ही कडांना धूर केला. मग खाली उतरल्या, ताडपत्री दूर केली आणि सरांकडे पाहून जिभेनं च्च् केलं. "जित्ता हाय. उचला रं."

घोंगडीची झोळी करून तिघांनी त्यांना उतरवलं. कुमुदिनी कौसाबाईंच्या खांद्याला धरून चालत होती. डावा डोळा मिटला होता. "आठवडा जाला मोहोळ बसून," कौसाबाई चालता चालता म्हणाल्या. "मोहोराला येतं. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. सकाली माज्या दारावरनंच गेलाव तुमी."

ते खरं होतं. त्या अंगण सारवत होत्या. कुमुदिनीनं त्यांच्याकडे पाहून हात हलवला होता आणि तिघं पुढं गेले होते.

पाड्याखाली ॲम्ब्युलन्स उभी होती. सरांच्या अंगातून दोनशेच्या वर काटे निघाले. दोन दिवस मूत्रपिंडं काम करत नव्हती, ते दोन दिवस त्यांचा मुलगा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होता आणि त्याच्या शेजारी बसायचं धाडस कुमुदिनीला झालं नाही. ती खाली औषधांच्या दुकानासमोर उभी राहायची आणि परत जायची. तिला स्वतःला एकोणीस डंख झाले होते. उन्मेषला सत्तर. मंडळातले सगळे म्हणत होते की कुमुदताईंमुळे काका वाचले, त्या बाहेर पडल्या म्हणून. वरदनं सेटवर सगळ्यांना तसं सांगितलं. ती काही बोलत नसे.

सर घरी आले आणि तिनं आठ दिवस जाऊ दिले. मग गेली. यशोधराबाईंनी दार उघडलं, तिचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. "तुझे उपकार," त्या म्हणाल्या. सर खाटेवर उशांना टेकून बसले होते. मानेवर अजून काळे डाग होते. यशोधराबाई चहा टाकायला आत गेल्या.

"सर, मला काही सांगायचंय," कुमुदिनी म्हणाली.

"चेनबद्दल?"

"हो."

"मी होतो तिथं. मला माहितीये."

"मी उघडली नाही."

"नाही उघडलीस." त्यांनी पांघरूण सारखं केलं. "राग आला मला. ओघळीत पडल्या पडल्या शिव्या दिल्या तुला. बटण न दाबता."

"मग मलाच हाक का मारलीत?"

"दुसरं कोण होतं?"

खिडकीखालून भाजीवाला ओरडत गेला.

"अजून आहे राग?" तिनं विचारलं.

"आहे थोडा. रात्री डाव्या कुशीवर झोपता येत नाही तेव्हा येतो." त्यांनी पाठीमागची उशी सरकवली. "तू आलीस ते मला आठवत नाही. सगळे सांगतात. उघडली नाहीस तेवढं आठवतं. म्हणजे बघ, हे असं आहे. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही."

"नका बोलू."

"येत जा पण. मंगळवारी ये."

दारात कपबश्यांचा आवाज झाला. यशोधराबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून, ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी ट्रे स्टुलावर ठेवला. चहा थोडा सांडला, तो पुसला नाही.

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला, मग नळ सुटला. चप्पल दारात होती, जिना चार पावलांवर. ती उठली, आणि स्वयंपाकघरात गेली.